मातांचा कैवारी : डॉ. इग्नाझ झेमेलवाइस

रुग्णालयाची पायरी माणूस बरे होण्याच्या आशेने चढतो. परंतु ज्या दुखण्यासाठी आपण तेथे गेलो, त्याहून वेगळेच दुखणे तेथे जडावे आणि त्यानेच प्राण जावा, असेही घडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, श्रीमंत देशांतील रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांपैकी ७ जणांना, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना, निदान एक तरी संसर्ग रुग्णालयातच होतो. यांतील पुष्कळसे संसर्ग टाळता येण्याजोगे असतात आणि ते टाळण्याचा पहिला उपाय अगदी साधा आहे. रुग्णाला स्पर्श करणारा हात स्वच्छ असावा, एवढाच तो उपाय. आज हे आपणांस उघड सत्य वाटते. पण हे सत्य आकड्यांनिशी सिद्ध करून दाखवणाऱ्या एका डॉक्टराला त्यापायी मानहानी सोसावी लागली, आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात मरावे लागले. त्या डॉक्टरांचे, इग्नाझ झेमेलवाइस यांचे, चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहे.

झेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या नगरात झाला. बुडा आणि पेस्ट ही डॅन्यूब नदीच्या दोन तीरांवरील तेव्हा निरनिराळी नगरे होती. ती पुढे १८७३ साली एक होऊन बुडापेस्ट झाले. वडील किराणा मालाचे सुस्थितीतील व्यापारी होते. मुलाने कायदा शिकावा म्हणून १८३७ साली त्याची रवानगी व्हिएन्नाच्या विद्यापीठात झाली. पण तेथे त्याचे मन वैद्यकाकडे ओढले गेले. १८४४ साली ते डॉक्टर झाले, आणि १८४६ च्या जुलैमध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिविभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून कामास लागले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते.

हा प्रसूतिविभाग मुख्यत्वे गोरगरीब स्त्रियांसाठी होता. नवऱ्याने टाकलेल्या, घरच्यांनी अव्हेरलेल्या, मोलमजुरी करून पोट भरणाऱ्या स्त्रिया तेथे बाळंतपणाला येत. विभागाची दोन दालने होती. पहिल्या दालनात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. एक दिवस पहिल्या दालनात भरती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दालनात, अशी पाळी ठरलेली असे. इमारत एक, हवा एक, अन्न एक. तरीही पहिल्या दालनात सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतिणीच्या तापाने, मरणाऱ्या स्त्रियांची संख्या दुसऱ्या दालनाच्या कितीतरी पट होती. एकट्या १८४६ सालचा हिशेब पाहा. पहिल्या दालनात ४,०१० प्रसूतींमागे ४५९ माता दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ प्रसूतींमागे १०५. म्हणजे एकीकडे शेकडा अकराहून अधिक, तर दुसरीकडे शेकडा तीनही नाहीत.

ही गोष्ट शहरातील गरीब स्त्रियांना ठाऊक झाली होती. आपली भरती पहिल्या दालनात होणार हे कळताच त्या गुडघे टेकून, हात जोडून, दुसऱ्या दालनात पाठवण्याची विनवणी करीत. कित्येकींची प्रसूती रुग्णालयाच्या वाटेवरच होई. आणि नवल असे, की रस्त्यावर बाळंत होऊन मग पहिल्या दालनात आलेल्या स्त्रियांनाही हा ताप क्वचितच येई. धूळ आणि थंडी ज्यांना मारू शकली नाही, त्यांच्याच भगिनी रुग्णालयातील खाटांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मरत होत्या. तरुण झेमेलवाइस यांची झोप उडाली ती याच विचाराने.

त्या काळचे पंडित या रोगाची कारणे हवेत, ऋतूंत आणि पृथ्वीच्या कोठल्याशा गूढ प्रभावात शोधीत. झेमेलवाइस यांचा प्रश्न सरळ होता. हवा जर दोषी असेल, तर ती एका भिंतीपलीकडे निर्दोष कशी होते? गर्दी कारण म्हणावी, तर दुसऱ्याच दालनात गर्दी अधिक होती; कारण जो तो तेथेच जाऊ पाहत असे. मग त्यांनी दोन्ही दालनांतील लहानसहान भेद एकेक करून तपासावयास घेतले. सुईणी बाळंतिणीला कुशीवर निजवीत आणि विद्यार्थी पाठीवर, असे दिसताच त्यांनी पहिल्या दालनातही कुशीवर निजवण्यास सुरुवात केली. मृत्यू थांबले नाहीत.

वाचकहो, या शोधात एक प्रसंग असा आहे, की तो आपणांस विशेष विचार करावयास लावील. मरणोन्मुख स्त्रीला शेवटचा संस्कार देण्यासाठी धर्मगुरू येत, तेव्हा त्यांच्यापुढे घंटा वाजवणारा सेवक चालत असे. दुसऱ्या दालनात धर्मगुरूंना थेट रोगिणीच्या खोलीत जाता येई. पण पहिल्या दालनात त्यांना पाच खोल्या ओलांडून जावे लागे. ती घंटा पुन्हा पुन्हा ऐकून खाटांवरच्या स्त्रियांच्या काळजाचा थरकाप होत असेल आणि त्या भयानेच त्यांना ताप येत असेल काय, अशी शंका झेमेलवाइस यांना आली. त्यांनी धर्मगुरूंना विनंती केली, की आपण घंटा न वाजवता, दुसऱ्या वाटेने, गुपचूप यावे. धर्मगुरूंनी ती मानली. घंटा बंद झाली, मृत्यू मात्र चालूच राहिले. परंतु एका साहाय्यक डॉक्टरने इतकी बारीक गोष्टही तपासून पाहावी, आणि एका धर्मगुरूने आपली रूढ पद्धत रोगिणींच्या हितासाठी क्षणात बदलावी, या दोन्ही गोष्टी स्मरणात ठेवण्यासारख्या आहेत. कारण पुढे हाच डॉक्टर जेव्हा आपल्या व्यवसायबंधूंकडे त्यांची सवय बदलण्याची मागणी करणार होता, तेव्हा त्यांतील फारच थोडे त्या धर्मगुरूंइतके नम्र निघणार होते.

१८४७ च्या मार्चमध्ये थकलेल्या मनाला विसावा म्हणून झेमेलवाइस काही दिवस व्हेनिसला गेले. परत आल्यावर त्यांना दुःखद बातमी कळली. त्यांचे स्नेही, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का, मरण पावले होते. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली, जखम विषारी झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत झेमेलवाइस यांनी वाचला, आणि मित्राच्या मरणाचा शोक करीत असतानाच त्यांच्या मनात प्रकाश पडला. कोलेच्कांच्या शरीरात जे बिघाड आढळले, तेच बाळंतिणींच्या शरीरात नित्य आढळत होते. म्हणजे रोग एकच. मग सुरीच्या टोकाने जे विष कोलेच्कांच्या रक्तात शिरले, ते त्या स्त्रियांच्या शरीरात कशाने शिरत होते?

उत्तर भयंकर होते. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवागारात प्रेते चिरीत, आणि तेथून थेट प्रसूतिदालनात जाऊन स्त्रियांची अंतर्तपासणी करीत. साबणाने ते हात धुतही. पण प्रेताचा वास हाताला तसाच राही. वास राहतो त्या अर्थी प्रेतातील कण राहतात, आणि ते कण हात वाहून नेतो, असा झेमेलवाइस यांनी निष्कर्ष काढला. सुईणींना शवविच्छेदन करावे लागत नसे, म्हणून त्यांचे दालन बचावले होते. रस्त्यावर बाळंत झालेल्या स्त्रीची तपासणी कोणी केलेली नसे, म्हणून ती वाचत होती. सारे कोडे सुटले. आणि ते सुटताच झेमेलवाइस यांना हेही कळून चुकले, की त्या विषाचा वाहक आपलाही हात होता. रोगाचे कारण सापडावे म्हणून त्यांनी इतरांहून अधिक प्रेते तपासली होती, आणि त्यामुळेच त्यांच्या हातून किती माता अकाली गेल्या असतील, हे ईश्वरालाच ठाऊक, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात उघडपणे दिली. पिलाताने हात धुतले ते जबाबदारी झटकण्यासाठी. या माणसाने हात धुतले ते जबाबदारी पत्करल्यामुळे.

१८४७ च्या मे महिन्याच्या मध्यास त्यांनी दालनाच्या दारात क्लोरीनच्या द्रावणाचे पात्र ठेवले, आणि शवागारातून येणाऱ्या प्रत्येकाने त्यात हात धुतल्यावाचून आत पाऊल टाकू नये, असा नियम केला. पुढे खर्च वाचवण्यासाठी त्याजागी क्लोरीनयुक्त चुन्याचे, म्हणजे आपण ज्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो तिचे, पाणी वापरात आले. हात झोंबत, कातडी खरखरीत होई, विद्यार्थी कुरकुरत. पण आकडे पाहा. एप्रिलमध्ये शेकडा १८ हून अधिक माता दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शेकडा २.२ वर आले, आणि जुलैमध्ये १.२ वर. पुढच्या वर्षी, १८४८ साली, मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या दालनात एकही माता दगावली नाही. त्या वर्षाचे प्रमाण शेकडा १.२७, म्हणजे सुईणींच्या दालनाच्या बरोबरीचे झाले.

मधल्या काळात एका कटू अनुभवाने त्यांच्या ज्ञानात भर घातली. १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये दालनात पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची एक स्त्री होती. तिला तपासून मग डॉक्टर इतरांकडे वळत; मधे हात धुतले जात ते केवळ साबणाने. तिच्यासोबत प्रसूत झालेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा मरण पावल्या. झेमेलवाइस यांनी धडा घेतला, की विष केवळ प्रेतातूनच येते असे नाही. जिवंत रुग्णाच्या सडत्या जखमेतूनही ते येते. तेव्हापासून प्रत्येक रोगिणीच्या आधी हात क्लोरीनने धुण्याचा नियम झाला. रोगजंतू हे नाव अद्याप कोणाच्या गावी नव्हते, तरी एका रुग्णाचा रोग दुसऱ्याला पोचवणारा वाहक त्यांनी नेमका ओळखला होता.

आपण म्हणाल, की एवढा पुरावा समोर असताना जग त्यांना खांद्यावर घेऊन नाचले असेल. तसे झाले नाही. स्कोडा, हेब्रा, रोकिटान्स्की यांसारखे व्हिएन्नाचे काही नामांकित वैद्य त्यांच्या बाजूस होते, आणि हेब्रांनी या शोधाची पहिली वार्ता छापूनही आणली. परंतु बहुतेकांनी ती नाकारली. विषाचा वाहक डोळ्यांना दिसत नव्हता, हे एक कारण. सर्व सूतिकाज्वर एकाच प्रकारच्या कारणाने होतो हे त्यांचे म्हणणे फार एकांगी आहे, असेही पुष्कळांना वाटले. पण याहून खोल कारण मनुष्यस्वभावात होते. ही गोष्ट मान्य करावयाची, तर आजवर आपल्याच हातांनी मृत्यू वाटला असे मान्य करावे लागत होते. कील येथील प्रसूतितज्ज्ञ गुस्टाफ मिखाएलिस यांनी ते मान्य केले. आपण तपासलेली एक आप्त स्त्री सूतिकाज्वराने गेली होती, हे आठवून त्यांना इतका पश्चात्ताप झाला, की १८४८ साली त्यांनी आपल्या जिवाचे बरेवाईट करून घेतले. इतरांनी मात्र पश्चात्तापापेक्षा नकार सोपा मानला.

झेमेलवाइस यांच्याही हातून उणीव राहिली, हे सांगितले पाहिजे. शोध लागल्यावर कित्येक वर्षे त्यांनी स्वतः काही लिहिलेच नाही. १८४८ साली व्हिएन्नात आणि हंगेरीत क्रांतीची वादळे उठली. हंगेरियन माणसाकडे तेथे संशयाने पाहिले जाऊ लागले. १८४९ च्या मार्चमध्ये त्यांच्या नेमणुकीची मुदत संपली, आणि प्राध्यापक क्लाइन यांनी ती वाढवली नाही. १८५० साली अध्यापनाचा परवाना मिळाला, तोही केवळ पुतळ्यावर शिकवण्यापुरता. हा अपमान असह्य होऊन ते पाठीराख्या मित्रांचाही निरोप न घेता व्हिएन्ना सोडून मायदेशी गेले.

पेस्टमधील संत रोकुस रुग्णालयात १८५१ पासून त्यांनी प्रसूतिविभाग विनावेतन सांभाळला. सहा वर्षांत तेथे ९३३ प्रसूती झाल्या आणि सूतिकाज्वराने केवळ ८ माता गेल्या. १८५५ साली ते पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे ताप पुन्हा डोके वर काढू लागला, तेव्हा नीट न धुता परत आलेल्या मळक्या चादरींकडे त्यांनी बोट दाखवले आणि व्यवस्थापनाशी भांडण मांडले. हाताइतकीच चादर, आणि चादरीइतकेच उपकरण स्वच्छ हवे, हा आजच्या रुग्णालयाचा नियम त्यांनी तेव्हाच ओळखला होता. १८५७ साली मारिया वायडनहोफर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली; त्यांतील दोन तान्हेपणीच गेली.

अखेर १८६१ साली त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात आकडे होते, पुरावे होते, पण पानोपानी विरोधकांशी वादही होता. बर्लिनचे थोर शास्त्रज्ञ फिर्शो यांच्यासारख्यांनीही त्यांचा सिद्धांत स्वीकारला नाही. मग झेमेलवाइस यांचा तोल सुटला. युरोपातील नामवंत प्राध्यापकांना त्यांनी अनावृत पत्रे लिहिली आणि हात न धुणाऱ्यांना सरळ खुनी ठरवले. त्यांचा संताप माता मरत होत्या म्हणून होता, आपला मान राखला गेला नाही म्हणून नव्हे. तरीही, वाचकहो, त्या पत्रांनी किती जणांचे मन वळले, असे विचारले तर उत्तर निराशाजनक आहे. सत्य रागाने फेकून मारले, तर ऐकणारा सत्य पाहत नाही. त्याला केवळ दगड दिसतो.

१८६५ च्या सुमारास त्यांच्या वागण्यात विकृती दिसू लागली. त्यांना नेमका कोणता आजार झाला होता, याविषयी आजही अभ्यासकांत मतभेद आहेत. ३० जुलै १८६५ रोजी त्यांना बहाण्याने व्हिएन्नातील मनोरुग्णालयात नेण्यात आले. नेणारे होते त्यांचे जुने मित्र हेब्रा. आपण फसवले गेलो हे ध्यानात येताच त्यांनी निसटण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पहारेकऱ्यांनी त्यांना आवरण्यासाठी मारझोड केल्याचे दिसते. दोन आठवड्यांनी, १३ ऑगस्ट रोजी, त्यांचा मृत्यू झाला. वय सत्तेचाळीस. मृत्यूचे कारण होते सडलेल्या जखमेतून रक्तात भिनलेले विष. ज्या शत्रूशी हा मनुष्य आयुष्यभर झुंजला, त्याच शत्रूने शेवटी त्याचा प्राण घेतला.

याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, दूर ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर नावाच्या शल्यवैद्याने गाडीखाली सापडून पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. जखम न सडता भरून आली, आणि जंतुविरहित शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांचे जंतूंविषयीचे कार्य चालूच होते. १८७९ साली पॅरिसच्या विद्वत्सभेत त्यांनी सूतिकाज्वराचा जंतू, साखळीसारखी रचना असलेला, फळ्यावर काढून दाखवला. झेमेलवाइस यांना जो दिसला नाही पण ज्याचा माग त्यांनी अचूक काढला, तो अपराधी असा पकडला गेला. ज्या देशाने त्यांना उशिरा ओळखले, त्याने १९६९ साली बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. त्यांच्या जन्मघरी आज वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, आणि त्यांच्या अस्थीही तेथेच विसावल्या आहेत.

वाचकहो, ही कथा जुनी झाली असे मानू नका. आपल्या समाजातील कितीतरी मुली आणि मुले परिचर्येचे शिक्षण घेऊन देशभर, आणि देशाबाहेरही, रुग्णांची सेवा करीत आहेत. त्यांना हात केव्हा धुवावेत हे पाठ असते. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी; इंजेक्शन, सलाईन, जखमेची पट्टी यांसारखे काम करण्यापूर्वी; रक्त वा अन्य स्रावांशी संबंध आल्यानंतर; रुग्णाला स्पर्श केल्यानंतर; आणि त्याची खाट, चादर, टेबल यांना हात लागल्यानंतर, अशी पाच वेळांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली आहे. साबण व पाण्याने हात धुवावयास ४० ते ६० सेकंद पुरतात. हात मळलेले दिसत नसतील, तर अल्कोहोलयुक्त द्रवाने २० ते ३० सेकंद. हातमोजे घातले म्हणून हात धुण्यातून सुटका होत नाही. ज्ञान आहे, पण ज्ञान असणे आणि रात्रपाळीच्या शेवटी, तीस खाटांच्या कक्षात, एकटीने धावपळ करताना ते पाळणे, यांत अंतर पडते. व्हिएन्नातील त्या डॉक्टरांनाही आकडे ठाऊक होतेच. उणीव राहिली ती सवय बदलण्याच्या तयारीची.

म्हणून ज्यांच्या हाती रुग्णालयांची व्यवस्था आहे, त्यांनी प्रत्येक कक्षात पाण्याचा नळ वाहता आहे ना, साबण संपलेला नाही ना, एकेका परिचारिकेवर किती रुग्णांचा भार आहे, हे आधी पाहावे, आणि मग दोष द्यावा. वरिष्ठ डॉक्टरांनी कनिष्ठ परिचारिकेने केलेली आठवण अपमान मानू नये. आणि आपण, जे फळे घेऊन, प्रार्थनेसाठी आजाऱ्यांच्या भेटीला जातो, त्यांनीही दाराशी थांबून आपले हात धुवावेत. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर प्रार्थना करीत जाताना, आजाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवण्याआधी, ते पुन्हा धुवावेत. त्या धर्मगुरूंनी रोगिणींसाठी आपली घंटा थांबवली होती. आपणांस तर केवळ मिनिटभर थांबावयाचे आहे.